बुटकं रोप

भाताच्या जातींना अजून नावंही नव्हती, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी दोन जावा राहायच्या. दोघींची खाचरं बांधाला बांध लागून होती. भात उंच वाढायचं, लोंब्या धरायचं, आणि कापणीच्या तोंडावर वारा सुटला की आडवं होऊन चिखलात कुजायचं.

थोरली भारी टापटिपीची. जरा वेगळं रोप दिसलं की मुळासकट उपटायची. तिचं बियाणं एकजात सारखं, म्हणून पेरणीला सारं गाव तिच्याच दारी यायचं. हा मान तिला जेवणाहून प्यारा होता.

एका वर्षी धाकटीच्या खाचरात एक बुटकं रोप आलं. "असू दे, उगवलंय बिचारं," म्हणून तिनं ते ठेवलं. वारा आला, सगळं भात झोपलं, बुटकं तेवढं उभं राहिलं. धाकटीनं त्याचे दाणे वेगळे राखले, पेरले, पुन्हा राखले. चार वर्षांत तिचं अख्खं खाचर वाऱ्याला दाद देईना. गाव आता तिच्या दारी जाऊ लागलं.

थोरलीच्या पोटात दुखू लागलं. धाकटी नुसती हसली तरी हिला वाटे, मलाच हसते. घास गोड लागेना. शेवटी तिनं सासूला गाठलं. "आत्याबाई, हिनं बियाण्याला काय केलं हो?"

"काही नाही," सासू म्हणाली. "प्रत्येक दाणा आईची रांगोळी बघून आपली काढतो. ठिपके लाखो, एखादा चुकतो. मग पुढचे दाणे ती चूकच गिरवतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी रोप मरतं, क्वचित एखादी कामी येते, हिच्या बुटक्या रोपासारखी. कडक उन्हानं चुका वाढतात, पण कुठला ठिपका चुकेल ते कुणाच्या हातात नसतं."

थोरलीनं त्यातलं ऊन तेवढं ऐकलं. सगळं बियाणं तिनं महिनाभर तापल्या कातळावर पसरलं. पेरलं तर अर्धं उगवलंच नाही. काही रोपं पांढरीफटक येऊन मेली, उरलेली वांझ राहिली.

"तिलाच बरी कामाची चूक मिळाली," ती सासूपुढे रडली. "माझ्या खाचराला देवानं का नाही दिली?"

"दिली की. दोनदा. बुटकी रोपं उपटून तू बांधावर फेकलीस. म्हशीला मीच घातली ती."

थोरलीला ती रोपं आठवली. उपटताना त्यांनी जमीन किती घट्ट धरली होती, तेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी रिकामं सूप घेऊन ती धाकटीच्या दारात उभी राहिली. "या जाऊबाई," म्हणत धाकटीनं ते बुटक्या भाताच्या बियाण्यानं शिगोशीग भरून दिलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या सुदैवावर जळण्याआधी आपण काय उपटून फेकलं ते आठवावं.