बोरदऱ्याची भिवरा

बोरदऱ्यात घरटी एक भिवरा सापडते. भिवरा म्हणजे भीमा नदी. तिच्या काठची माणसं कौतुकानं लेकीला हे नाव ठेवतात. बोरदरं मात्र कोरड्या माळावरचं गाव, नदीशी त्याचं काही नातं नाही. मग इथं हे नाव आलं कुठून, असं पाहुणे विचारतात, आणि म्हातारी माणसं तळ्याकडं बोट दाखवतात.

असं सांगतात, की हे तळं पाटलांनी खणलं, पण त्याला पाणी लागेना. गाव तहानेनं उठायची वेळ आली. तेव्हा जळदेवीनं कौल दिला म्हणे, पाटलाची सगुणा मला द्या. सगुणा ही पाटलाची एकच लेक. पाटलानं तिला गुपचूप मामाकडं धाडलं आणि घाईघाईनं मुलाचं लग्न उरकलं. सून आणली लांबची, भीमाकाठच्या गरीब घरची. तिचं नाव भिवरा.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहिलं, सगुणा. नणंदेचंच नाव मला कसं, असं पोरीनं बिचकत विचारलं. सासू म्हणाली, "आमच्यात लेकीत आन् सुनंत फरक करत न्हाईत." पोरीला भरून आलं. असं सासर मिळायला भाग्य लागतं, असं तिला वाटलं.

हळद निघायच्या आत तिला तळ्याच्या मधोमध ओटी भरायला पाठवलं. ती चिखलात उतरली, आणि काठावरून पुजाऱ्यानं साद घातली, की आई, पाटलाची सगुणा घे. तळातून पाणी उसळलं. पोरीला सगळं एका क्षणात उमगलं. पाय रुतलेले, पळायची सोय नाही. ती पाण्याकडं बघून ओरडली, "आई, म्या सगुणा न्हाई. भिवरा हाय म्या, भीमाकाठची."

पाणी तिच्या कमरेशी थांबलं. देवीला खरं कळलं होतं.

कळलं नाही ते माणसांना, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. पाणी थांबलेलं बघून आधी पाटील ओरडला, "सगुणा!" मग सासू ओरडली, मग सगळा काठ. नवरा खाली मान घालून उभा होता, शेवटी त्यानंही हाक दिली. एवढ्या गळ्यांपुढं एकटीचा आवाज किती पुरणार? पाणी चढलं. संध्याकाळी त्याच लोकांनी घागरी भरून नेल्या.

खरी सगुणा मामाकडून घरी परतली ती हे ऐकूनच. पुढं तिनं आपल्या पहिल्या लेकीचं नाव भिवरा ठेवलं. तिनं ठेवलं ते लाजेनं. मागून गावानं ठेवलं ते भीतीनं, तळं आटू नये म्हणून. मायेनं कुणी ठेवलं असेल, असं वाटत नाही.

आजही बोरदऱ्यात सुनेचं नाव बदलत नाहीत. नवी नवरी आधी तळ्यावर येते आणि पाण्याकडं तोंड करून आपलं माहेरचं नाव मोठ्यानं सांगते. तेवढा वेळ काठावर कुणी तोंड उघडत नाही.