चौदा हात आणि वर थोडं

"थोडं म्हणजे किती?" भिवाबुवांनी विचारलं.

त्र्यंबकाने पाटीवरून मान वर केली नाही. "चौदा हात, तीन बोटं, तीन जव... आणि वर थोडं. तेच काढतोय."

काशीला राहून गणित शिकून आलेला त्र्यंबक चार महिन्यांपासून बुवांच्या मठात शिष्य म्हणून राहत होता. काल बुवा त्याला एवढंच म्हणाले होते, "यंदा भाताचं बियाणं दुप्पट आहे. रोपांचा जुना वाफा दहा हात चौरस. शेजारी त्याच्या दुप्पट जागेचा आख. चौरसच हवा."

"दोनाचं वर्गमूळ काढलं की झालं," त्र्यंबक हसून म्हणाला होता. "केसाइतकी चूक निघणार नाही."

आता दुपार कलली होती. चिखल तयार होता. मोड आलेलं भात टोपलीत पेंढ्याखाली दडपलेलं होतं. मठाची शेती बघणाऱ्या भागाबाईने पेंढ्यात हात घातला आणि झटकन बाहेर ओढला.

"बुवा, आत वाफ धरलीय. मुळं पेरभर झाली, एकमेकांत शिरायला लागली. अजून थोडा वेळ गेला की सगळ्याची गोधडी होईल. मग काय, गोधडी पेरायची? आणि दुसरं मूठभर बी नाही हो घरात. आठ माणसांनी वर्षभर खायचं काय?"

"ऐकलंस?" बुवांनी विचारलं.

"ऐकलं. एकच आकडा राहिलाय."

"सकाळीपण एकच राहिला होता, शास्त्रीबुवा," भागाबाई म्हणाली. "तुमच्या आकड्यांना पण मोड आलेत वाटतं."

त्र्यंबकाच्या कपाळावरून घाम पाटीवर पडला. त्याने तो पुसला, तर दोन ओळी पुसल्या गेल्या. तो पुन्हा मांडू लागला...

बुवा उठले. जुन्या वाफ्याच्या कोपऱ्यातल्या खुंटीला त्यांनी दोरी बांधली. वाफा तिरका ओलांडून ते समोरच्या कोपऱ्यात गेले. दोरी ताणली, गाठ मारली.

"ही एक बाजू," ते म्हणाले. "अशा चार."

त्र्यंबक दोरीकडे पाहत राहिला. कर्णावरचा चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट. काशीत लहान मुलांना त्यानेच हे वाळूत काढून शिकवलं होतं. त्याचे कान तापले.

"हे... मला येत होतं."

"येत होतं," बुवा म्हणाले.

चार खुंट्या ठोकल्या गेल्या. भागाबाई बी फेकू लागली. वरचं भात मोकळं सुटलं. तळाचं मात्र एकसंध गठ्ठा होऊन वर आलं. त्र्यंबकाने तो हातात घेतला. एक दाणा हलकेच सोडवला. पांढरं मूळ तुटलं. दुसरा सोडवला. तेही तुटलं.

भागाबाईने गठ्ठा त्याच्या हातातून काढून घेतला आणि कोंबड्यांपुढे टाकला.

बाकीचं बी उन्हं उतरायच्या आत चिखलावर पसरलं. बुवा पाय धुवायला बसले. त्र्यंबक मघाची दोरी हातात घेऊन त्यांच्यापाशी आला.

"बुवा... पण ही दोरी नेमकी किती लांब आहे?"

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

"तिला ठाऊक नाही," ते म्हणाले. "म्हणून तर पुरली."