घोडा बुटका करण्याचा इलाज

कर्दळगडच्या भवानजीराजांनी रिकिबीत घालायला पाय उचलला, तो अर्ध्या वाटेतच अडकला. दुसऱ्या खेपेला कमरबंद तुटला. मग दोन हुजऱ्यांनी खालून जोर लावला, तेव्हा राजे खोगिरासकट घरंगळून घोड्याच्या पोटाखाली आले.

धूळ झटकत ते उठले आणि कडाडले, "हा घोडा उंच झालाय!"

खरं काय झालं होतं, ते पागेतल्या माश्यांनाही दिसत होतं. शेंदऱ्या घोडा होता तेवढाच होता, वाढले होते ते राजे. पण हे बोलणार कोण? दिवाण आबाजीपंतांनी तर लगेच मान डोलावली आणि आपल्यालाही कालपासून तीच शंका येत होती म्हणून सांगितलं. मागे एकदा राजवैद्यांनी भीत भीत व्यायामाचं नाव काढलं होतं. तेव्हा राजांनी हौसेने चंदनाचा मल्लखांब घडवला, चांदीच्या मुठींचे मुद्गल मागवले. आता मल्लखांबावर त्यांची धोतरं वाळत होती आणि मुद्गल वाऱ्याने दार आपटू नये म्हणून उपयोगी पडत होते.

पण दसरा काही टळणार नव्हता. कर्दळगडची रीतच अशी, की दसऱ्याला राजाने कुणाचाही हात न धरता घोड्यावर बसायचं आणि सगळ्या रयतेसमोर शीव ओलांडायची. राजांनी घोड्याची देखभाल करणाऱ्या सटवाजी मोतद्दाराला पुढे बोलावलं. घोड्याला चारून चारून तूच वाढवलंस, आता दसऱ्यापर्यंत तूच बुटका कर, असा हुकूम झाला.

"दसऱ्याला शिवेपार एक तर मी जाईन, नाही तर तुझं बिऱ्हाड!"

सटवाजी घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची लेक हौसा ऐकून आधी खो खो हसली. मग बापाचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. आईच्या माघारी बापाने तिला पागेतच वाढवलं होतं. शेंदऱ्याला सोडून, गाव सोडून हा माणूस जगला नसता. तिने पदर खोचला आणि तडक राजवाडा गाठला.

"घोडा बुटका हुईल म्हाराज," ती म्हणाली. "मालकाची सवय सुटली की घोडा ताठतो. रोज तुमच्या हातचं खाल्लं, तर नमंल."

एवढंच ना, म्हणून राजे खूश झाले. पण हौसाचा इलाज तिथे संपत नव्हता. राजांनी पहाटे स्वतः टेकडीवरच्या कुरणात चालत जायचं, गवत कापायचं, भारा डोक्यावर घेऊन उतरायचं. नदीवरून पाणी आणायचं आणि अंग चकाकेपर्यंत खरारा करायचा. नोकराचा हात लागला तर घोडा ओळखणार. शिवाय मालकाच्या अंगाला तुपासाखरेचा वास आला, की तो आणखीच ताठणार.

"म्हणजे बासुंदी..." राजांचा आवाज चिरकला.

"खावा की म्हाराज. घोडा थोडा वाढंल, एवढंच."

राजाने भारे वाहायचे म्हणजे काय, म्हणून दिवाण कळवळले. त्यावर राजांनी त्यांनाच झापलं. आपण कुठे व्यायाम करतोय? इलाज तर घोड्यावर चाललाय! मग शेंदऱ्याला पागेच्या खांबाशी उभं करून त्यांनी त्याच्या पाठीच्या उंचीवर कट्यारीने खूण केली. हौसाने तिच्यावर लगेच फडकं गुंडाळलं, वर बिब्बा बांधला आणि दसऱ्याआधी खूण उघडली तर नजर लागेल, असं बजावलं.

पहिल्या दिवशी राजे टेकडीच्या पायथ्याशीच बसले आणि मूठभर गवत घेऊन परतले. हौसाने घोड्याकडे बघून चुकचुकत म्हटलं, की हा तर कालपेक्षा उंच वाटतोय. राजे मुकाट्याने पुन्हा गेले. श्रावणात ते धापा टाकत, थांबत थांबत कुरणापर्यंत पोचायला लागले. भादव्यात भारा घेऊन उतरताना चक्क गुणगुणायला लागले. त्यांची चाहूल लागली की शेंदऱ्या खिंकाळायचा, आणि राजेही खरारा करता करता त्याच्याशी गप्पा मारायचे. हौसा मात्र रोज येऊन फडक्याची गाठ चाचपून जायची. ती सुटली, तर बापाचं बिऱ्हाड शिवेपार जाणार होतं.

दसरा उजाडला. पागेपुढे रयत जमली. राजांनी रिकिबीत पाय घातला आणि कुणाला कळायच्या आत ते खोगिरावर होते! वाजंत्री वाजली, सटवाजीने डोळे पुसले.

तेवढ्यात दिवाणांना पुढे पुढे करण्याची हुक्की आली. घोडा किती बुटका झालाय ते रयतेलाही दिसू दे, म्हणून त्यांनी शेंदऱ्याला खांबाजवळ नेलं आणि फडकं सोडलं. खूण बरोबर पाठीला टेकलेली! घोडा तसूभरही कमी झाला नव्हता.

वाजंत्री थांबली. राजे घोड्यावरूनच गरजले, "पोरी, मला फसवलंस? घोडा आहे तेवढाच आहे!"

"तेवढाच हाय म्हाराज," हौसा म्हणाली. "मग तुमी वर पोचलासा कसं?"

राजांनी खांबाकडे पाहिलं. मग घोड्याकडे. मग खाली स्वतःकडे, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बसल्या जागेवरून स्वतःचे पाय दिसले. कमरबंदाला दुहेरी वेढा पडला होता. त्यांच्या मिशा हलायला लागल्या, आणि बघता बघता राजे असे हसत सुटले की शेंदऱ्याही खिंकाळला.

टेकडीचं कुरण त्यांनी तिथल्या तिथे हौसाच्या नावे केलं आणि सटवाजीला पागेचा मुख्य नेमलं. चांदीच्या मुठींचे मुद्गलही देऊ केले. घराला दारच एक आहे म्हणून हौसाने ते नको म्हटलं.

निघता निघता राजांनी लगाम खेचला. दिवाणांच्या अंगरख्याचे बंद पोटावर ताणले होते, तिकडे त्यांची नजर गेली.

"हौसा, उद्या पहाटे कुरणात दोन विळे ठेव. आमच्या आबाजीपंतांचा घोडाही हल्ली फार उंच झालाय!"