दातातली काडी

नदीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा तेली राहत होता. अंगाने दांडगा आणि स्वभावाने तापट. घरात त्याची विधवा सून गोजरा आणि तिचं तान्हं मूल, एवढीच माणसं.

भात झोडणीचे दिवस होते. भरदुपारी सगळा गाव खळ्यावर गेला होता. सटवाजी अंगणात घाण्याला बैल जुंपत होता, तेवढ्यात घरातून सुनेची किंकाळी आली. तो आत धावला. एक अनोळखी माणूस सुरा घेऊन तिच्या अंगावर चालून जात होता. सटवाजीने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच्या खांद्यावर हाणलं. सुरा लांब उडाला. माणूस मागच्या पडवीत, पेंढ्यावर कोसळला.

त्या मुलुखात एक रीत होती. हरलेल्याने गवताची काडी दातात धरली, की तो शरण आला. मग त्याच्यावर कुणी हात उचलत नसे. त्या माणसाने पेंढ्यातली काडी ओढून दातात धरली आणि हात जोडले.

सटवाजीला ती काडी दिसली. पण त्याचं रक्त तापलं होतं. त्याने आणखी तीन घाव घातले, तेही डोक्यात.

संध्याकाळी गावाने त्याचा उदोउदो केला. दिवसभर खळ्यावर असलेलेसुद्धा घाव कसा बसला ते हातवारे करून सांगत होते, जणू मुसळ त्यांच्याच हातात होतं! मेलेल्याचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश आले. सटवाजी म्हणाला, "सरकार, सुनेच्या जिवावर बेतलं होतं. एकच घाव घातला."

"घरात शिरून जिवावर उठलेल्याला मारलं, तर तो गुन्हा नाही," न्यायाधीश म्हणाले. मग त्यांनी प्रेतावरचं कापड बाजूला केलं. काडी अजून दातांत घट्ट होती. "पण एका घावात मेलेल्या माणसाने ही काडी उचलली कधी?"

सटवाजी सुनेकडे वळला. "पोरी, तू सांग की!"

सासरा गेला, तर गोजराला आणि लेकराला कुणाचाच आधार नव्हता. तरी ती खरं तेच बोलली. "घाव चार होते, सरकार. पहिल्यानंतर लगेच त्यानं काडी धरली."

न्यायाधीशांनी सटवाजीला जन्मठेप दिली. शिपाई त्याला नेऊ लागले, तसा तो ओरडला, "उपकार विसरलीस! तुझा जीव वाचवला ना मी?"

गोजराने रडत रडत त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामंजी, पहिला घाव माझ्यासाठी होता. तो मी जन्मभर विसरणार नाही. पण पुढचे तीन कुणासाठी होते?"



तात्पर्य: जीव वाचवायला हात जरूर उगारावा, पण धोका टळताच तो आवरावा, त्यानंतर घातलेला घाव हा खूनच असतो.