चिमाबाईने मोजलेली तार

विजेच्या खांबांना अजून ताज्या रंगाचा वास येत होता, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. डोंगराखाली भातोडं गाव आणि डोंगरावर ठाकरांची वस्ती. गावाच्या वेशीपाशी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बसली. तिथून निघालेली तार अख्खं गाव ओलांडून, सत्तेचाळीस खांब चढून वस्तीला पोचली. त्या खांबांचे खड्डे खणायला वस्तीतली चिमाबाई मेंगाळ होती. असं म्हणतात, की डोळे मिटून नुसता हात लावला तरी ती खांबाचा नंबर सांगायची.

वस्तीचा झरा त्याच साली आटला. प्यायचं पाणी दरीतल्या विहिरीतून वर चढवायला मोटार बसवली, पण मोटार नुसती घुमायची, फिरायची नाही. वस्तीतले दिवे निखाऱ्यासारखे लाल व्हायचे. पाणी चढलं नाही तर वस्तीने डोंगर सोडावा, खाली कुठे तरी जागा बघू, असं तालुक्याहून सांगणं आलं. डोंगर सोडायचा म्हणजे बापजाद्यांची थडगी, मोहाची झाडं, सगळंच सोडायचं.

विजेचे साहेब आले. त्यांच्याकडे कागद होता. चाळीस घरं, अकरा मोटारी, प्रत्येक मोटार तीन हॉर्सची. एवढा लोड तार सहज ओढते, शेवटच्या खांबालाही पुरेसा दाब मिळतो, असं कागद म्हणत होता. म्हणजे दोष वस्तीच्या मोटारीचा. तसं लिहून, वस्तीच्या वतीने अंगठा उठवायला त्यांनी चिमाबाईपुढे शाईचा डबा सरकवला.

"साहेब, तुम्ही वरच्या खांबापाशी कधी गेलात?" चिमाबाईने विचारलं.

साहेब म्हणाले, जायची गरज नाही, हिशोब केलेला आहे.

"मग अंगठाही तुमचाच लावा. माझा नाही लागायचा."

दुसऱ्या दिवशी तिने एक दिवा घेतला, दोन वायरी घेतल्या आणि नवा सुती दोर कमरेला गुंडाळला. वाटेतल्या एकेका घराच्या ओसरीवर ती दिवा टांगायची. डीपीपाशी तो दुधासारखा पांढरा, देवळापाशी हळदीसारखा पिवळा, आणि गावची शेतं ओलांडली की लाल. म्हणजे वीज वस्तीत नव्हे, शेतात संपत होती.

आता गावाची एक खोड होती. ती आपली सगळ्यांचीच आहे, म्हणून कुणी हसू नये. मोटार साडेसात हॉर्सची असली तरी सांगायची तीनची. जेवढं खरं सांगू तेवढं सरकार काढून घेईल, असं प्रत्येकाला वाटायचं. म्हणून मोटारीवरच्या पाट्या हातोडीने ठोकून सपाट केलेल्या. चिमाबाई बांधावर दिसली की जो तो धावत जाऊन मोटार बंद करायचा.

आणि तिथेच सगळे फसले. मोटार बंद झाली की शेताजवळच्या ओसरीवर तिने टांगलेला दिवा झटकन उजळायचा. मोटार जेवढी मोठी, तेवढी दिव्याची उडी मोठी. चिमाबाई त्या उडीकडे बघायची आणि दोराला गाठी मारायची, हॉर्समागे एक.

बापू दरेकर बांधावरूनच म्हणाले, "चिमे, काय हुडकतीस गं? तुझं काय हरवलंय इथं?"

"काही नाही बापू. तुम्ही बंद केलीत ना मोटार? झालं माझं काम."

असं म्हणतात, की सकाळी वीस हात असलेला दोर गाठी मारता मारता संध्याकाळी सात हात उरला. गाठी झाल्या एकोणऐंशी. कागदावर होते तेहतीस.

तो दोर गळ्यात घालून ती चावडीवर उभी राहिली. गावाला म्हणाली, तुमच्या मोटारी घडोघडी जळतात, त्या का जळतात ते आज ऐका. तेहतीसच्या तारेवर एकोणऐंशीचं ओझं, दाब पुरत नाही म्हणून. "कागदाला फसवलंत, साहेबाला फसवलंत. तार फसत नाही. उद्या साहेब अंगठ्यासाठी परत येतील तेव्हा ज्याच्याकडे जे आहे ते सगळं चालू करा. नाही केलंत तर वस्ती डोंगरावरून उतरेल, पण तुमच्या शेतातच बिऱ्हाड मांडेल."

रात्रभर गाव धुसफुसलं. सकाळी पहिली मोटार सुरू झाली ती बापूंचीच. मग दुसरी, मग सगळ्या. असं म्हणतात, की डीपी मोहोळासारखी घुमू लागली, तारेवरचे सगळे पक्षी एकदम उडाले आणि साहेब वर पोचेपर्यंत एकही परत बसला नाही. चिमाबाईने साहेबांना सत्तेचाळीस खांब पायी चढवलं. शेवटच्या खांबापाशी भर दुपारी दिवा लावला, तर आतली तार फक्त काजव्याएवढी चमकली. साहेबांनी तिथे आणि खाली डीपीपाशी मीटर लावला, आकडे मांडले, परत मांडले. लोड निघाला एकोणऐंशी हॉर्स.

 मग त्यांनी जुना कागद फाडला आणि विचारलं, "बाई, दुसरी डीपी कुठे बसवू?"

तिने डोंगराच्या पायथ्याशी पाय आपटला. तिथेच दुसरी डीपी बसली. पाणी चढलं. वस्ती डोंगरावरच आहे.

आजही भातोड्यात कुणी नवी मोटार आणली, की आधी वस्तीवर जातो, मोटार किती हॉर्सची ते चारचौघांत मोठ्याने सांगतो, आणि वस्तीने दिलेलं पाणी पिऊनच खाली येऊन बटण दाबतो. आणि विजेचा नवा साहेब कागद घेऊन आला, तर गाव त्याला खुर्ची देत नाही. एवढंच सांगतं, "वरच्या, चिमाबाईच्या खांबापासून मोजायचं. चला, चढा."