कॅमेरा म्हणतो, लेन्स नाही

“चाचा, कॅमेरा म्हणतो लेन्सच नाही. मग ही मी लावलीय ती काय आहे?”

मिरजेतल्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात हमीदचाचा बागवान एका जुन्या शटरला तेलाचा थेंब देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

इंद्रजितने नवाकोरा मिररलेस कॅमेरा टेबलावर ठेवला. पुढे चाळीस वर्षांपूर्वीची जड लेन्स, दोघांच्या मधे ॲडॅप्टरची कडी. लेन्समधली बुरशी चाचांनीच गेल्या आठवड्यात साफ करून दिली होती.

गेली तीन वर्षं तो दर गुरुवारी इथे फोटोग्राफी शिकायला येत होता. पक्ष्यांच्या फोटोला देशपातळीवरचं बक्षीस मिळालं, तेव्हापासून मात्र शिकायला कमी आणि सांगायलाच जास्त यायचा.

“कडी काढ.”

त्याने काढली. चाचांनी तिच्यातून बोट आरपार घातलं.

“यात काय आहे?”

“काहीच नाही. तार नाही, चिप नाही. पोकळ आहे.”

“मग पुढे कोण आलंय, ते कॅमेऱ्याला कळणार कसं?... मेनूत जा. लेन्स नसली तरी फोटो काढ, असं सांग त्याला.”

इंद्रजितने तसं केलं. शटर वाजलं.

“हां. आता माझा फोटो काढ. फोकस डोळ्यावर.”

तो हसला. “चाचा, उडत्या घारीचा डोळासुद्धा आपोआप धरतो हा.”

“या लेन्सने धरून दाखव.”

या लेन्सला मोटर नव्हती. रिंग हातानेच फिरवायची. पहिल्या फोटोत कान स्पष्ट आला, दुसऱ्यात दाढी. दहा झाले, वीस झाले. फोकस जुळेल तिथे लाल रेघा उमटण्याची सोय कॅमेऱ्यात होती. ती त्याने चालू केली. चाचांच्या चष्म्याची फ्रेम लालेलाल झाली. डोळा धूसरच.

“लेन्समध्येच खोट आहे.”

चाचांनी चष्मा काढून ठेवला.

“त्या रेघा बंद कर.”

इंद्रजित आता सावकाश रिंग फिरवू लागला. गालावरची सुरकुती आली. मग पापणी. मग उजव्या डोळ्याच्या पापणीचे केस, एकेक सुटा, लख्ख. पण आतलं बुबुळ राखाडीच होतं. त्याने रिंग मागे नेली, परत पुढे आणली. केस लख्ख... बुबुळ राखाडी. पाण्यात दूध सांडावं तसं.

त्याने कॅमेरा खाली घेतला.

“चाचा... या डोळ्याने दिसतं ना तुम्हाला?”

“नाही. दोन वर्षं झाली.”

दोन वर्षांतले शंभरेक गुरुवार तो याच टेबलाशी, याच चेहऱ्यासमोर बसला होता. चहा प्यायला होता. आपल्या बक्षिसाची गोष्ट तर त्याने तीनदा सांगितली होती.

“आणि माझी लेन्स... ती एकाच डोळ्याने साफ केलीत?”

“झाली ना साफ?”

इंद्रजितने स्टूल ओढलं आणि चाचांच्या अगदी जवळ बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला... सुरकुत्या, पांढऱ्या भुवया, तो डोळा, आणि शेजारचा दुसरा, जो त्याच्याकडेच बघत होता.

“उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो न्यायला.”

चाचांनी मान डोलावली. मग टेबलावरचा कॅमेरा उचलून त्याच्या हातात दिला.

“आता काढ.”