राज्याभिषेकाचा पहिला हुकूम

चराचरात भरून उरलेल्या त्या दयाघनाला वंदन करून ही कथा सांगतो.

फार फार वर्षांपूर्वी डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते. तिथल्या लोखंडाच्या भट्ट्या देशोदेशी नावाजलेल्या. जितका धूर अधिक तितकी भरभराट अधिक, असे लोक अभिमानाने म्हणत. परंतु त्या धुराने आभाळ तापले, ऋतू ढळले आणि डोंगरातले झरे आटू लागले.

तेव्हा राजाने जाणत्यांना बोलावून तीन पिढ्यांचा संकल्प केला. दरवर्षी काही भट्ट्या विझवायच्या, त्यांच्या जागी पाणचक्क्या व पवनचक्क्या उभारायच्या, उजाड उतारांवर वने वाढवायची. आणि नवे काम हाती आल्याखेरीज कोणाही कारागिराची भट्टी विझवायची नाही. राजवाड्यामागच्या शाही भट्टीला मात्र त्याने सूट दिली. तिच्यावर त्याचा जीव होता.

पुढे राजा वारला. त्या राज्यात एक चाल होती. नव्या राजाने अभिषेकाच्या दिवशी आधीच्या राजाचा एक हुकूम रद्द करायचा, म्हणजे राज्य आता कोणाचे ते सर्वांना कळे.

भट्टीवाल्यांचा नाईक पुढे आला. "महाराज, तो संकल्पच मोडा. फळ तुमच्या नातवंडांना मिळणार, मग आम्ही आज का झिजावे?"

गर्दीतून एक म्हातारी कडाडली, "अहो नाईक, तुमच्याकडे पोरं तहानली की लोखंड चाटतात का हो?"

सभा हसली. नाईक मात्र उसळला. "आजी, शाही भट्टीला सूट का, तेही विचारा की! विझायचं ते आमच्याच भट्ट्यांनी?"

नवा राजा सिंहासनावरून उठला.

"नाईक, तुमचे म्हणणे रास्त आहे. वडिलांचा एकच हुकूम मी रद्द करतो : शाही भट्टीची सूट."

अभिषेकाचे उरलेले जल घेऊन तो चालत गेला आणि स्वतःच्या हाताने त्याने ते धगधगत्या निखाऱ्यांवर ओतले.

नाईकाने लवून मुजरा केला. "महाराज, आता आमची भट्टी विझवताना मान खाली जाणार नाही."

पुढे त्या राजाची कन्या गादीवर आली. तिने चालीप्रमाणे पित्याने कायम ठेवलेली तीन पिढ्यांची मुदत रद्द करून ती अलीकडे आणली. तिच्याच राज्यात अखेरची भट्टी शांत झाली आणि झरे खळखळू लागले. दूरदूरचे राजे तो संकल्प शिकायला येत, तेव्हा नाईकाचा नातू छाती फुगवून त्यांना पाणचक्क्या दाखवी.

बोध : पिढ्यांसाठी केलेला संकल्प तेव्हाच तडीस जातो, जेव्हा राज्यकर्ता त्याचा भार आधी स्वतः उचलतो.

श्रोतेहो, तुम्हा सर्वांचे आणि तुमच्या घरादाराचे तो दयाघन कल्याण करो. तुमच्या लेकरांना, त्यांच्याही लेकरांना निर्मळ वारा आणि गोड पाणी लाभो.